आधी प्रश्न, मग रिपोर्ट

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात प्रौढांचा वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्तीला दोन प्रकारची माहिती लागते. एक वर पाठवण्यासाठी, दुसरी उद्या संध्याकाळचा वर्ग नीट घेण्यासाठी. पहिलीचा नमुना ठरलेला असतो: नोंदणी किती, त्यात महिला किती, परीक्षेला बसले किती, उत्तीर्ण किती. दुसरीचा नमुना कुणीच ठरवून दिलेला नसतो. गेल्या महिन्यात कोण यायचे थांबले? कोणाची पाळी बदलली? कोणाला वाचता येते पण हिशेब जमत नाही? कोण भोसरीची खोली सोडून कुरुळीला राहायला गेले? हे प्रश्न तिच्या मनात रोज असतात. त्यांच्या उत्तरांना लागणाऱ्या नोंदी बहुतेक वेळा संगणकात कुठेतरी पडलेल्याही असतात. तरी उत्तर हाती येत नाही, कारण सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्टचे बटण दाबले की बाहेर पडतो तो पहिल्या प्रकारचा गोषवारा.

ही पुस्तिका दुसऱ्या प्रकारच्या रिपोर्टविषयी आहे. आपल्याला हवा तसा, आपल्या वर्गाच्या प्रश्नाला उत्तर देणारा रिपोर्ट डेटाबेसमधून कसा काढायचा, त्यासाठी नोंदी मुळात कशा ठेवायच्या आणि त्यात फसगत कुठे होते, एवढाच तिचा विषय. विषय तांत्रिक वाटतो, पण त्याचा थेट संबंध माणूस वर्गात टिकण्याशी आहे. आठवडाभर न आलेल्या बाईला शनिवारी फोन गेला तर ती परत येण्याची शक्यता असते. तिचे नाव तीन महिन्यांनी ‘गळती’ या रकान्यातला एक आकडा होऊन समोर आले, तर करण्यासारखे काही उरत नाही.

या पट्ट्याची घडणच अशी आहे की इथे साचेबंद गोषवारा अपुरा पडतो. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात टेल्को, बजाज यांसारख्या कारखान्यांनी माळरानाचे औद्योगिक शहर केले. 1970 ची नगरपालिका 1982 मध्ये महानगरपालिका झाली. पुढे उद्योग नाशिक रस्त्याने सरकत चाकणला पोहोचला. बजाजपाठोपाठ फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा आले आणि निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या गावांत शेताच्या बांधाला लागून भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली कुटुंबे राहतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेलेही राहतात. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजारांवर होती आणि पुणे जिल्ह्याची साक्षरता 86.15 टक्के. टक्केवारी चांगली दिसते. जे उरले आहेत ते मात्र एका गावात, एका वस्तीत सापडत नाहीत. ते बांधकामावर आहेत, भंगाराच्या गोदामात आहेत, सोसायट्यांत धुणीभांडी करतात, ठेकेदाराच्या गेटपासवर कारखान्यात जातात आणि काम बदलले की पत्ता बदलतात.

शासकीय नोंदीचे नकाशे माणसांमागे असे धावत नाहीत. शाळांच्या नोंदीत शहराचे पिंपरी आणि आकुर्डी असे विभाग, चाकण खेड तालुक्यात, तळेगाव मावळात. चिखलीत राहणारे कुटुंब इंद्रायणी ओलांडून कुरुळीला गेले, तर कामाच्या दृष्टीने ते चार-सहा किलोमीटर सरकले, पण नोंदीच्या दृष्टीने एका यादीतून नाहीसे झाले आणि दुसरीत नव्याने उगवले. पहिल्या वर्गाच्या रिपोर्टमध्ये ती गळती, दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये ती नवी नोंदणी. प्रत्यक्षात एक बाई आपली पाटी घेऊन नव्या ठिकाणी पुढचे अक्षर गिरवत असते.

आता हजेरीकडे जरा जवळून पाहू. भोसरी-पिंपरी भागातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. कामाच्या तीन पाळ्या असतात आणि पाळी आठवड्याने किंवा पंधरवड्याने फिरते. समजा, संध्याकाळी सातच्या वर्गात दोन कामगार आहेत आणि महिन्याच्या 24 वर्गांपैकी दोघांची हजेरी 12 आहे. गोषवाऱ्यात दोघांसमोर 50 टक्के लिहून येते. पण एक जण पहिल्या पाळीच्या आठवड्यांत न चुकता आला आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत येऊच शकला नाही. दुसरा पहिले पंधरा दिवस रोज आला आणि नंतर फिरकलाच नाही. पहिल्याला सकाळच्या वर्गाची सोय हवी, दुसऱ्याच्या खोलीवर कुणीतरी जायला हवे. महिन्याची टक्केवारी या दोघांना एकाच ओळीत बसवते. तेच आकडे आठवड्यांप्रमाणे आणि पाळीप्रमाणे मांडले की फरक लगेच डोळ्यांत भरतो. नवे काही विचारावे लागत नाही, नवी माहिती भरावी लागत नाही; अट एवढीच की हजेरी दिवसागणिक नोंदलेली असावी. महिन्याअखेरीस ‘12’ एवढाच आकडा भरला असेल तर जगातले कोणतेही सॉफ्टवेअर त्यातून ते बारा दिवस परत काढून देऊ शकत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रौढ शिक्षणाला मोजण्याची सवय जुनी आहे, आणि काय मोजले यावर काय दिसले हे नेहमीच ठरत आले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती 1855 मध्ये. साताऱ्यातून 1959 मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने गाव हे एकक धरले. अख्खे गाव साक्षर झाले की गौरव गावाचा. औद्योगिक कामगारांना त्यांच्या कामाच्या अंगाने शिकवण्यासाठी पहिले श्रमिक विद्यापीठ 1967 मध्ये मुंबईत निघाले. तिथे एकक होते कामगार आणि त्याची गरज. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, 2009 मध्ये साक्षर भारत. प्रत्येक योजनेने आपली प्रपत्रे आणली आणि प्रपत्रांनी आपले प्रश्न आणले.

सध्याचा ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी मंजूर झाला. 15 वर्षांवरील 5 कोटी निरक्षरांचे लक्ष्य आणि 1037.90 कोटी रुपयांचा खर्च, असा त्याचा आवाका. यात शाळा हे अंमलबजावणीचे एकक आहे, शिकवणारे स्वयंसेवक आहेत, आणि शिकणारा व स्वयंसेवक यांची जोडणी अ‍ॅपवर होते. या योजनेची गरज मांडताना केंद्र सरकारने दिलेला हिशेब डेटाबेस शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे 15 वर्षांवरील निरक्षर 25.76 कोटी; साक्षर भारत योजनेत साक्षर म्हणून प्रमाणित झालेले 7.64 कोटी; वजाबाकी करून उरले सुमारे 18.12 कोटी. वजाबाकी बरोबर आहे, आणि तो अंदाज आहे हे सरकारने सांगितलेही आहे. पण दोन आकडे दोन वेगळ्या तक्त्यांतले आहेत. एक घरोघरी केलेल्या गणनेतला, दुसरा परीक्षेच्या निकालांतला. मधल्या काळात वारलेले, पंधरा वर्षांचे झालेले, प्रमाणपत्र मिळूनही सरावाअभावी अक्षर विसरलेले यांची नावे जोडणारा धागा या दोन तक्त्यांमध्ये नाही. देशाच्या पातळीवर अंदाजाने भागते. वीस जणांच्या वर्गात भागत नाही, कारण तिथे प्रत्येक आकड्यामागचा चेहरा ओळखीचा असतो.

उल्लासच्या परीक्षेचेच उदाहरण घ्या. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान असे तीन भाग, प्रत्येकी 50 गुणांचे, एकूण 150. प्रत्येक भागात किमान 33 टक्के, म्हणजे 17 गुण लागतात. कमी पडले तर ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळतो. वर जाणाऱ्या अहवालाला उत्तीर्णांची संख्या पुरते. वर्गाला ती पुरत नाही. वाचनात 41, लेखनात 30 आणि संख्याज्ञानात 14 गुण मिळवलेल्या माणसाला पुन्हा ‘अ’ पासून शिकवणे म्हणजे त्याचा वेळ आणि उमेद दोन्ही घालवणे. त्याला हवे आहे पगाराच्या स्लिपवरचे ओव्हरटाइमचे तास आणि पीएफची कपात पडताळण्याइतके गणित. तीन भागांचे गुण तीन वेगळ्या रकान्यांत ठेवले, की ‘वाचन-लेखन पार, संख्याज्ञानात 17 च्या खाली’ अशी यादी मिनिटभरात निघते. एकच ‘निकाल’ रकाना ठेवला तर ही यादी कधीच निघणार नाही.

डेटाबेस म्हटले की मोठे काहीतरी डोळ्यांसमोर येते. छोट्या केंद्राला चार तक्ते पुरतात: शिकणारे, वर्ग, हजेरी आणि चाचणी. शिकणाऱ्याला एक क्रमांक द्यायचा आणि तोच बाकीच्या तक्त्यांत वापरायचा. नाव, मोबाइल, पाळी या गोष्टी एकाच जागी लिहायच्या. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या कल्पनेचा गाभा हाच, आणि आजची बहुतेक डेटाबेस सॉफ्टवेअर त्याच पायावर उभी आहेत. एक्सेलच्या एका लांबलचक शीटमध्ये हे सगळे कोंबणाऱ्यांना लवकरच अनुभव येतो की एका बाईचा मोबाइल नंबर बदलला तर सतरा ठिकाणी दुरुस्ती करावी लागते आणि एक जागा हमखास राहून जाते.

चार तक्ते जोडून रिपोर्ट काढताना एक चूक इतकी वारंवार होते की तिचा उल्लेख इथेच करायला हवा. एका शिकणाऱ्याच्या 20 दिवसांच्या हजेऱ्या आहेत आणि 2 चाचण्या. हजेरी आणि चाचणी हे दोन्ही तक्ते शिकणाऱ्याच्या क्रमांकावर एकदम जोडले, तर प्रत्येक हजेरीसमोर प्रत्येक चाचणी येते आणि ओळी होतात 40. त्यावर बेरीज मारली की हजेरी दुप्पट निघते. रिपोर्ट देखणा दिसतो, एकही एरर येत नाही आणि आकडा साफ चुकलेला असतो. उपाय साधा आहे: आधी हजेरीची माणशी बेरीज, वेगळी चाचण्यांची माणशी बेरीज, मग त्या दोन बेरजा जोडायच्या. आणि रिपोर्ट पहिल्यांदा निघाला की ओळखीच्या तीन माणसांचे आकडे मस्टरशी ताडून पाहायचे.

फसगतीची दुसरी जागा रिकाम्या चौकटीची. दहा जणांच्या वर्गात सहा जणांनी चाचणी दिली आणि त्यांची सरासरी 30 आली. न आलेल्या चौघांसमोर कुणी शून्य भरले, तर वर्गाची सरासरी 18 वर येते. शिकवण्यात काही बिघडलेले नसते. फक्त ‘दिली नाही’ आणि ‘दिली पण जमली नाही’ या दोन गोष्टी एक झालेल्या असतात. तसेच टक्केवारीचे. 40 नोंदले, 25 परीक्षेला बसले, 20 उत्तीर्ण झाले. बसलेल्यांवर भागले तर निकाल 80 टक्के, नोंदलेल्यांवर भागले तर 50. दोन्ही खरे आहेत. कशाने भागले हे रिपोर्टच्या मथळ्यात लिहिलेले नसेल, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा उचलतो.

मग खास आपल्याकडचे प्रश्न येतात. महाराष्ट्रात जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू होते आणि गुरुजींनी वय बसवून तीच तारीख टाकली. ज्यांनी आधार काढताना फक्त वय सांगितले, त्यांच्या कार्डावर 1 जानेवारी आली. प्रौढांच्या वर्गात अशा तारखांची रांगच लागते. नाव आणि जन्मतारीख जुळवून दुबार नोंदी शोधणारे सॉफ्टवेअर इथे दोन वेगळ्या सुनीतांना एक ठरवू शकते. उलट एकच बाई माहेरच्या आडनावाने एकदा आणि सासरच्या आडनावाने एकदा नोंदली जाते. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ या संगणकाला दोन बायका वाटतात. म्हणून दुबार नोंदींची यादी सॉफ्टवेअरने काढावी आणि निर्णय माणसाने घ्यावा. त्यासाठी मोबाइल, मूळ गाव आणि वर्गाची जागा असे दोन-तीन रकाने शेजारी असले की काम सोपे होते.

लिपीचाही जुना गुंता आहे. पुण्यात 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. सी-डॅकचे आयएसएम आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी या सॉफ्टवेअरवर महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांनी आणि संस्थांनी वर्षानुवर्षे टंकन केले. त्या काळातल्या फाइलींत पडद्यावर मराठी दिसते, पण फाँट काढून घेतला की आत भलतीच अक्षरे असतात. नावांची अकारविल्हे लावता येत नाही, शोध लागत नाही. अशी जुनी यादी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय नव्या डेटाबेसला जोडू नये. जुने शिकणारे पुन्हा वर्गात येतात, तेव्हा त्यांची आधीची वाटचाल हाताशी असणे मोलाचे असते.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो? अमेरिकेत 1998 च्या कायद्यानंतर प्रौढ शिक्षणासाठी राष्ट्रीय नोंद पद्धत आली आणि जुलै 2000 पासून लागू झाली. तिथे किमान 12 तास शिकलेला माणूस शिकणारा म्हणून मोजला जातो, आणि आधीची चाचणी व नंतरची चाचणी यांतून त्याची पातळी किती वर गेली ते पाहिले जाते. अशा पद्धतीत नंतरची चाचणी राहून गेली, तर माणूस कितीही शिकला तरी कागदावर त्याची प्रगती दिसत नाही. त्यामुळे चाचणी झालेल्यांची आणि राहिलेल्यांची नावानिशी यादी हा केंद्रांच्या रोजच्या कामाचा भाग बनतो. आपल्याकडे घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तासांची नोंद. कंपनीची बस उशिरा सोडते म्हणून अर्धाच तास बसणारा कामगार आणि पूर्ण दीड तास बसणारी गृहिणी यांची हजेरी मस्टरवर सारखीच लागते. तासांचा एक रकाना वाढवला तर कोणाला किती शिकायला मिळाले ते खरे कळते.

माहिती गोळा करताना एक काळजी सर्वांत आधी घ्यायची आहे. ठेकेदाराकडे काम मिळवताना अनेकांनी ‘आठवी पास’ असे सांगितलेले असते. वर्गाची यादी कंपनीच्या हातात पडली, तर शिकायला आल्याची शिक्षा म्हणून त्यांचे काम जाऊ शकते. काही बायका घरी न सांगता येतात. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याआधीही हे भान लागतच होते. मदत करणाऱ्या कंपनीला संख्या द्यावी, नावे देऊ नयेत. वर्गाच्या रिपोर्टवर आधार क्रमांक छापण्याचे काहीच कारण नाही. चार-पाच जणांच्या गटाची आकडेवारी बाहेर देतानाही विचार करावा, कारण इतक्या लहान गटात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो.

पुढील प्रकरणांचा क्रम याच विचाराने लावला आहे. पहिल्या भागात प्रश्न कसे लिहून काढायचे ते आहे: रिपोर्ट कोण वाचणार, वाचून काय करणार, कोणत्या दिवशी त्याला तो हातात हवा. गुरुवारी सुट्टी असलेल्यांच्या खोल्यांवर जायचे असेल तर ‘दोन आठवडे न दिसलेले’ ही यादी बुधवारी संध्याकाळी छापून तयार हवी, शुक्रवारी नव्हे. दुसऱ्या भागात चार तक्त्यांची मांडणी आणि नोंद भरण्याचे नियम आहेत. तिसऱ्यात पाच रिपोर्ट पायरीपायरीने काढून दाखवले आहेत: न आलेल्यांची यादी, पाळीप्रमाणे हजेरी, तीन भागांचे गुण, चाचणी राहिलेल्यांची नावे आणि दुसऱ्या वस्तीत गेलेल्यांचा मागोवा. चौथा भाग पडताळणीचा आणि गोपनीयतेचा. सॉफ्टवेअर विकत घेतलेले असो, फुकटचे लिबरऑफिस बेस असो की साधे एक्सेल, उदाहरणे सगळीकडे लागू पडतील अशी निवडली आहेत.

ज्यांच्याकडे प्रोग्रामर नाही, वर्ग शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात भरतो आणि नोंदी एखादी कार्यकर्ती रात्री घरी बसून भरते, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. तिने पाचही रिपोर्ट एकदम काढायला बसू नये. आपला सर्वांत नडणारा एक प्रश्न निवडावा, एका वर्गाच्या एका महिन्याच्या नोंदी घ्याव्यात आणि तेवढे उत्तर काढावे. सोबत एक काम तातडीने करावे. सध्याच्या योजनेची मुदत 2027 पर्यंत आहे आणि आजवर योजना बदलली तशी प्रपत्रेही बदलत आली आहेत. उल्लासच्या पोर्टलवर भरलेल्या आपल्या वर्गाच्या नोंदींची प्रत, शिकणाऱ्याचा क्रमांक, हजेरी आणि तिन्ही भागांच्या गुणांसह, केंद्राच्या स्वतःच्या संगणकावर पासवर्ड लावून आताच ठेवावी. ती कशी ठेवायची याच्या सूचना दुसऱ्या भागाच्या पहिल्याच पानावर दिल्या आहेत.